बग कुणाच्या दारी? स्मरणिका स्कॅनिंगच्या नोंदी, कोपरी (ठाणे पूर्व)

आमच्या मंडळाच्या गणेशोत्सव स्मरणिका १९७९ ते २०१९ अशा एका लोखंडी कपाटात पडून आहेत. दोन वर्षांच्या स्मरणिका वाळवीने आधीच खाल्ल्या. उरलेल्या ३९ स्कॅन करायच्या, मराठीत शब्द शोधता येईल अशा पीडीएफ करायच्या आणि २७ ऑगस्टला गणपती बसायच्या आत मंडपातल्या पडद्यावर लावायच्या, एवढंच काम. असलंच काही करायला घेणाऱ्यांसाठी या नोंदी. स्कॅनिंगबद्दल कमी लिहिलंय, कारण त्यात फारसा त्रास झालाच नाही. वेळ खाल्ला एका बगने, म्हणजे प्रोग्रॅममधल्या दोषाने, आणि त्याहून जास्त तो कुणाला सांगायचा या प्रश्नाने.

१ जून २०२५, रविवार

लॅमिंग्टन रोडवरून जुना संगणक आणला, ६,५०० रुपये. डेबियन १२ टाकलं (लिनक्सचं एक मोफत वितरण; इतरांनी लिहिलेले प्रोग्रॅम बांधून एका भांडारातून देतं). स्कॅनर खजिनदार काकांच्या घरचा, एचपीचा ऑल-इन-वन. एचपीलिप (एचपीच्या यंत्रांचा लिनक्ससाठीचा ड्रायव्हर) टाकल्याबरोबर निमूट चालला. ओसीआरला, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखायला, टेसरॅक्ट हा प्रोग्रॅम आणि त्याचा मराठी डेटा. पानं जुळवून पीडीएफ करायला एक छोटा प्रोग्रॅम घेतला, त्याला इथे ‘पानजोड’ म्हणते. खरं नाव मुद्दाम देत नाही. दिलं तर कुणीतरी उत्साहाने जाऊन तोच बग पुन्हा नोंदवेल. सगळं एपीटी या डेबियनच्या प्रोग्रॅम बसवायच्या साधनाने, डेबियनच्याच भांडारातून.

दिवसभरात १९७९ ते १९८२ उरकलं. निम्मा वेळ जाहिराती वाचण्यात गेला.

८ जून, रविवार

काका मदतीला आले. मी माझ्या फाइल उघडते, पानजोड चालतो. काका त्यांच्या उघडतात, पानजोड क्षणात गायब. संदेश नाही, काही नाही. पाच वेळा करून बघितलं, पाचही वेळा तसंच.

“माझ्या हाताला यशच नाही गं,” काका म्हणाले आणि चहा करायला उठले.

मी रॅमवर संशय घेतला. मेमटेस्ट लावली, चार तास, शून्य चुका. मग पेन ड्राइव्हवर संशय, नवा आणला, ४५० रुपये. तरी तेच. शेवटी टर्मिनलमधून चालवून बघितलं तर ‘सेगमेंटेशन फॉल्ट’, म्हणजे प्रोग्रॅमने मेमरीत भलत्या जागी हात घातला आणि पडला. हे पहिल्या पाच मिनिटांत करायला हवं होतं. रविवार गेला.

११ जून, बुधवार, रात्री १

पानजोडच्या मूळ लेखकांच्या बग नोंदवहीत खातं काढून लांबलचक रिपोर्ट लिहिला. शीर्षक ‘मराठी फाइल उघडल्यावर क्रॅश’. आवृत्तीच्या रकान्यात ‘सर्वात नवी’ असं टाकलं. का, तर एपीटीला विचारलं तेव्हा त्यानेच सांगितलं की तुमच्याकडे सर्वात नवी आवृत्ती आहे. आधी कुणी हे नोंदवलंय का, ते शोधलं नाही. झोप आली होती.

१२ जून, गुरुवार

ठाण्याहून ऐरोलीची गाडी पकडली आणि दिघा गाव यायच्या आत उत्तर आलं: रिपोर्ट बंद, डुप्लिकेट. माझ्या चाळीस ओळींना तीन ओळी. तुमच्याकडे २.८ दिसतंय, हा दोष ३.० मध्ये दुरुस्त झालाय, हा रिपोर्ट आमच्याकडे चौथ्यांदा आलाय, वितरणातून घेतलं असेल तर त्यांना सांगा.

ऐरोलीला उतरेपर्यंत राग होता. जेवणाच्या सुट्टीत त्या आधीच्या तीन रिपोर्ट वाचल्या आणि राग गेला. तिन्ही माझ्यासारख्याच डेबियन किंवा (डेबियनवरच बेतलेल्या) उबुंटूवाल्यांच्या, तिन्हींत आवृत्ती ‘लेटेस्ट’. एपीटीचं ‘सर्वात नवी’ म्हणजे त्या भांडारातली सर्वात नवी. डेबियन १२ बाहेर पडलं जून २०२३ मध्ये, आणि त्याच्या काही महिने आधीच आतल्या आवृत्त्या गोठवलेल्या असतात. म्हणजे मी दोन-अडीच वर्षांपूर्वीचा माल हातात धरून आजच्या लेखकाला जाब विचारत होते.

यावर एक जुना किस्सा आठवला. एक्सस्क्रीनसेव्हर या लिनक्सवरच्या स्क्रीनसेव्हरचे लेखक जेमी झाविन्स्की अशाच रिपोर्टांना इतके वैतागले होते की त्यांनी प्रोग्रॅममध्येच सोय करून ठेवली. आवृत्ती फार जुनी झाली की पडद्यावरच सांगायचं, ही जुनी आहे, अपग्रेड करा. २०१६ मध्ये डेबियनच्या लोकांच्या पडद्यांवर तो इशारा झळकला आणि मोठा वाद झाला. तेव्हा मला तो माणूस उद्धट वाटला होता.

१५ जून, रविवार

आज एकही पान स्कॅन केलं नाही. हातात नक्की कुणी बांधलेलं पॅकेज (बसवण्यासाठी तयार करून ठेवलेला प्रोग्रॅम) आहे तेवढंच शोधलं. ‘एपीटी पॉलिसी’ आणि पुढे पॅकेजचं नाव, एवढी एक कमांड. तिने आवृत्ती दाखवली २.८-३, आणि ती डेबियनच्या भांडारातून आल्याचंही दाखवलं. जोडरेघेच्या आधीचं २.८ मूळ लेखकाचं. नंतरचा ३ डेबियनचा: त्याच २.८ वर तिसऱ्यांदा बांधलेलं पॅकेज. आवृत्तीचं हे शेपूट मी इतकी वर्षं बघत होते, वाचत नव्हते.

दुपारी भाचा आला. तो कॉलेजात आहे आणि त्याच्या लॅपटॉपवर उबुंटू २४.०४ आहे. काकांच्या फाइलने त्याचाही पानजोड पडला. त्याची आवृत्ती २.८-३बिल्ड२. शेपटीत ‘उबुंटू’ हा शब्द नाही, नुसता ‘बिल्ड’ आहे. याचा अर्थ उबुंटूने डेबियनचा माल जसाच्या तसा घेऊन फक्त पुन्हा कंपाइल केलाय (कोडचा चालणारा प्रोग्रॅम बनवलाय). ‘उबुंटू१’ वगैरे असतं तर त्यांनी स्वतः काही बदललंय असं समजायचं.

“पण मावशी, डेबियनवाले दुसऱ्याच्या कोडमध्ये हात घालतातच कशाला?”

घालतात, आणि बहुतेक वेळा कारण असतं. कधी हात भाजतोही. २००६ मध्ये त्यांच्या ओपनएसएसएल या गुप्त संपर्काच्या किल्ल्या बनवणाऱ्या पॅकेजमध्ये तपासणी साधनाच्या तक्रारीवरून दोन ओळी निष्क्रिय केल्या गेल्या, आणि त्यापायी यादृच्छिक आकड्यांमधली यादृच्छिकताच गेली. मे २००८ मध्ये ते उघड झालं, तोवर डेबियन आणि उबुंटूवर बनलेल्या किल्ल्या ओळखता येण्याइतक्या मोजक्या निघाल्या. मूळ ओपनएसएसएलमध्ये तो दोष नव्हताच. तिथे कितीही खणलं असतं तरी सापडला नसता. म्हणून आमच्या पॅकेजवरचीही ठिगळं, म्हणजे डेबियनने केलेले बदल (पॅच), बघितली. डेबियनच्या स्रोत-संकेतस्थळावर प्रत्येक पॅकेजचे पॅच वेगळे लावलेले दिसतात. पानजोडवर दोनच: एक मदत-पानाचा, एक फोल्डरच्या मार्गाचा. दोन्ही निरुपद्रवी.

मग नव्या आवृत्तीवर बग खरंच गेलाय का ते बघायला फ्लॅटहबवरून ३.१ टाकलं (कुठल्याही लिनक्सवर चालणारी ‘फ्लॅटपॅक’ पॅकेजं मिळण्याची जागा). ते उघडलं, पण त्याला पेन ड्राइव्हच दिसेना! मी दुसरा रिपोर्ट लिहायच्या बेतात होते. पण ती चूक पानजोडची नाही. फ्लॅटपॅक प्रोग्रॅमला पिंजऱ्यात ठेवतो, ‘मीडिया’ फोल्डरची परवानगी वेगळी द्यावी लागते. ‘फ्लॅटपॅक ओव्हरराइड’ने दिली, दिसायला लागलं. भाचा म्हणाला, त्याच्या स्नॅपवाल्या (उबुंटूचा असाच पॅकेज-प्रकार) प्रोग्रॅमांचंही तसंच, ‘रिमूव्हेबल मीडिया’ हाताने जोडावं लागतं.

इथेही पॅकेज कुणी बांधलंय ते बघावं. फ्लॅटहबवर ‘व्हेरिफाइड’ची खूण असेल तर ते मूळ लेखकांच्या संमतीचं; नसेल तर भलत्याच कुणी बांधलेलं असू शकतं. याच वर्षी फेब्रुवारीत ओबीएस स्टुडिओ या स्क्रीन रेकॉर्डिंगच्या प्रोग्रॅमच्या लेखकांचं फेडोरा या दुसऱ्या लिनक्स वितरणाशी यावरूनच वाजलं. फेडोराने बांधलेला फ्लॅटपॅक मोडका, आणि तक्रारी येतायत ओबीएसकडे. कायदेशीर कारवाईची भाषा होईपर्यंत गेलं.

काकांची फाइल ३.१ वर उघडली. बग खरा, जुना आणि मूळ लेखकांकडे दुरुस्त झालेला.

२२ जून, रविवार

काकांच्या हाताचं रहस्य भाच्याने सोडवलं. दोघांच्या फाइलच्या नावांत अक्षरं तीच आहेत, क्रम वेगळा:

माझी: श्रीगणेशोत्सव_स्मरणिका_१९८७
काकांची: श्रीगणेशोत्सव_१९८७_स्मरणिका

काकांना वही लिहायची सवय, त्यामुळे साल आधी. भाचा गंमत म्हणून अंडरस्कोर कमीजास्त करत बसला. सालाच्या आधी एक वाढवला, बंद. दोन वाढवले, चालू! मग त्याने बाइट मोजले. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, म्हणजे अक्षर, मात्रा, वेलांटी, हलन्त, यूटीएफ-८ मध्ये (संगणकात अक्षरं साठवायची पद्धत) तीन बाइट खातं. अंडरस्कोर एक. पानजोड शीर्षक दाखवायला नाव ६४ बाइटवर कापतो. ‘श्रीगणेशोत्सव’ची १३ चिन्हं म्हणजे ३९, अंडरस्कोर १, ‘स्मरणिका’ची ८ चिन्हं म्हणजे २४. बेरीज बरोबर ६४. माझ्या नावात सुरी अगदी ‘का’नंतर पडत होती. काकांच्या नावात ती ‘स्म’च्या पुढच्या ‘र’च्या पोटात, तिसऱ्या बाइटच्या आधी. अर्धवट ‘र’ पुढच्या फंक्शनला पचला नाही. पानजोड ३.० च्या बदलांच्या यादीत बघितलं तर एक ओळ सापडली: नाव कापताना अक्षर मध्येच तोडू नये.

इंग्रजी नावांवर हा बग कधीच दिसला नसता. आणि ‘मराठी फाइल उघडल्यावर क्रॅश’ हे माझं शीर्षकही चूकच होतं. निम्म्या मराठी फाइल उघडत होत्या.

तात्पुरता उपाय: काकांच्या नावात सालाआधी तीन अंडरस्कोर. ११ फाइल, चार मिनिटं.

२४ जून, मंगळवार

उपाय मिळाल्यावर रिपोर्ट कशाला, असं वाटून गेलं. पण दुरुस्ती मूळ लेखकांकडे झाली तरी डेबियन १२ वाल्यांना कळवल्याशिवाय ती त्यांच्या पॅकेजमध्ये उतरायची नाही. आणि डेबियन स्वतःच सांगतं की पॅकेजचे बग आमच्याकडे नोंदवा, वर कळवायचं आम्ही बघू.

‘रिपोर्टबग’ हा त्यांचाच प्रोग्रॅम. तो आवृत्ती, सोबतची पॅकेजं वगैरे आपोआप भरतो आणि आधीच्या नोंदी दाखवतो. या वेळी सगळ्या वाचल्या. आमचा बग त्यात नव्हता. सोसायटीच्या नेटवरून मेल जाईना, म्हणून मजकूर जपून ठेवला आणि स्वतःच्या मेलमधून पाठवला. यंत्राने तो परत फेकला: पॅकेज कोणतं ते कळत नाही. मेलच्या मजकुराची पहिलीच ओळ पॅकेजची हवी. मी त्याआधी सवयीने नमस्कार लिहिला होता. नमस्कार काढला, साधा मजकूर केला, गेला. वीस मिनिटांत नंबर आला.

दोन चुका तरीही राहिल्या. तीव्रता ‘ग्रेव्ह’ टाकली. ती पॅकेज वापरण्याजोगं न राहिल्यास किंवा डेटा गेल्यास टाकायची असते, माझा काही डेटा गेला नव्हता. आणि मेल माझ्या नेहमीच्या पत्त्यावरून पाठवला. तो पत्ता आता त्यांच्या जाहीर नोंदीत कायमचा आहे आणि स्पॅम सुरू झालाय. वेगळा पत्ता काढा.

भाच्याने लॅपटॉपवरून ‘उबुंटू-बग’ने लाँचपॅडवर, म्हणजे उबुंटूच्या बग नोंदवहीत, नोंदवलं, त्याला पाच मिनिटं लागली. लाँचपॅडवर एक घोटाळा होऊ शकतो, तो सांगून ठेवते. तिथे उबुंटूची पॅकेजंही असतात आणि काही प्रकल्पांची मूळ नोंदवहीही. एचपीलिप दोन्हीकडे आहे. पानाच्या वरती काय लिहिलंय ते वाचूनच बटण दाबावं. पीपीएमधून (कुणीही चालवलेलं खासगी भांडार) टाकलेलं काही असेल तर ‘उबुंटू-बग’ हे अधिकृत पॅकेज नव्हे म्हणून हात वर करतो, आणि ते बरोबरच आहे. ते पीपीए चालवणाऱ्याला सांगायचं.

६ जुलै, रविवार, आषाढी एकादशी

बारा दिवसांनी पॅकेज सांभाळणाऱ्याचं उत्तर. ‘ग्रेव्ह’ खाली आणून ‘इम्पॉर्टंट’ केलं, ‘मुळात दुरुस्त’ असा टॅग लावला आणि बग बंद! मी साबुदाण्याची खिचडी तशीच ठेवून उत्तर लिहायला बसले. सुदैवाने पाठवायच्या आधी नीट बघितलं. डेबियनमध्ये बग आवृत्तीनिहाय बंद होतो. ३.० वर बंद, २.८-३ वर अजून उघडा, पानावरच्या छोट्या आकृतीत तसं दिसतं. खाली त्याने विचारलंही होतं की रिकाम्या पीडीएफला कोणतं नाव दिलं की पडतो. स्थिर आवृत्तीत (म्हणजे आधीच बाहेर पडलेल्या डेबियन १२ मध्ये) नवं ३.० घालता येत नाही, पण तेवढीच दुरुस्ती उचलून २.८ वर लावायला रिलीज टीमची परवानगी मागतो, असं त्याने लिहिलं.

दोन रिकाम्या फाइल पाठवल्या, एक काकांच्या नावाची, एक माझ्या. कुठे कापलं जातं ते एका ओळीत. इतका आखूड मेल मी पहिल्यांदा लिहिला असेन. त्याच रात्री उत्तर: इकडेही पडला.

१३ जुलै, रविवार

लाजेची नोंद. ओसीआर अचानक मंद झालं, पानाला १२ सेकंदांच्या जागी ४० च्या आसपास. आता सवय झाली होती, लगेच टेसरॅक्टच्या मराठी पॅकेजवर रिपोर्टबग चालवला. तो आधी पॅकेजमधल्या फाइल जागेवर आहेत का ते ‘डेबसम्स’ने तपासतो. तपासून म्हणाला, मराठीची डेटा फाइल बदललेली आहे.

बदलणारी मीच. आठवड्यापूर्वी अचूकता वाढेल म्हणून टेसरॅक्टचा ‘बेस्ट’ डेटा उतरवून पॅकेजच्या फाइलवर चढवला होता. तो हळूच चालतो, त्याच्या वर्णनातच लिहिलंय. रिपोर्ट पाठवला नाही. पॅकेज पुन्हा टाकलं, ‘बेस्ट’ वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवला आणि फक्त पुसट छपाईच्या वर्षांना लावला.

२७ जुलै, रविवार

२०११ पर्यंत पोचलो. एका सभासदाने जुना संगणक दिला, फुकट. त्यावरही डेबियन १२.

१० ऑगस्ट, रविवार

काल डेबियन १३ आलं. फक्त दुसऱ्या संगणकावर ते चढवलं, मंडपात जाणारा तसाच ठेवला. गणपतीच्या तोंडावर शहाणपणा नको. दोन तास वीस मिनिटं लागली. पानजोड ३.० मिळाला, काकांच्या मूळ नावाची फाइल उघडली.

१९ ऑगस्ट, मंगळवार

शनिवारी दहीहंडी, त्या दिवशी ठाण्यात काम होत नसतं. कालपासून पाऊस, आज शाळांना सुट्टी, मी घरून. शेवटच्या चार स्मरणिका ओसीआर करून संपवल्या.

२४ ऑगस्ट, रविवार

मंडपात पडदा लागला. लोक शोधतायत स्वतःचीच नावं. ‘ळ’ आणि ‘ल’ची गल्लत बरीच आहे, ती ओसीआरची, हाताने सुधारायला माणसं हवीत.

६ सप्टेंबर, शनिवार, अनंत चतुर्दशी

विसर्जनाच्या मिरवणुकीत असताना फोनवर मेल: डेबियन १२.१२ आलं. रात्री उशिरा घरी येऊन बघितलं. पानजोड २.८-३+डेब१२यू१. हे शेपूट मात्र आता वाचता येतं: बारावर केलेली पहिली दुरुस्ती. नोंदवल्यापासून ७४ दिवस.

१४ सप्टेंबर, रविवार

हिशोब: रोख ६,९५० रुपये, त्यातले पेन ड्राइव्हचे ४५० निव्वळ घाईचे. साधारण ६० तास, त्यातले १९ या एका बगपायी, आणि त्यातलेही निम्मे ८ आणि ११ जूनच्या मूर्खपणाचे. भाच्याची लाँचपॅडवरची नोंद अजून ‘न्यू’च आहे, तिला डेबियनचा बग नंबर जोडून द्यायला सांगितलंय, म्हणजे बघणाऱ्याला दुरुस्ती आयती मिळेल. त्याच्या परीक्षा चालू आहेत.

दोन्ही संगणकांवर आता कसंही नाव चालतं, हे काकांना दोनदा सांगून झालं. काल त्यांनी या वर्षीचा अहवाल ठेवला, सालाआधी तीन अंडरस्कोर घालून. “राहू दे गं,” म्हणाले, “आता हाताला बसलंय.”